जुन्या गाडीच्या ब्रेकचे न मिळणारे बारके भाग कसे शोधावेत

जुन्या गाडीचा ब्रेक उघडल्यावर मोठ्या भागावाचून काम अडलंय असं क्वचित होतं. चाकाबरोबर फिरणारा ड्रम लेथवर साफ करून घेता येतो, त्याला आतून घासणाऱ्या शूला नवं लायनिंग बसवून मिळतं, डिस्कवर पॅड दाबणारा कॅलिपरही कुठून ना कुठून पैदा होतो. गाडी महिनोनमहिने जॅकवर राहते ती तेल अडवणाऱ्या नखाएवढ्या रबरी कपापायी, हवा काढायच्या एका निपलपायी, नाहीतर शू ड्रमच्या जवळ ठेवणाऱ्या अ‍ॅडजस्टरच्या वाकलेल्या पट्टीपायी. काउंटरवर गाडीचं नाव आणि वर्ष सांगितलं की उत्तर ठरलेलं असतं: "ते बंद झालं." पुष्कळदा हे अर्धंच खरं असतं. बंद झालेला असतो गाडीच्या कंपनीचा पार्ट नंबर. भाग मात्र दुसऱ्याच एखाद्या गाडीच्या, ट्रकच्या किंवा फोर्कलिफ्टच्या नावाने अजून विकला जात असतो.

याचं कारण म्हणजे बहुतेक वाहन कंपन्या ब्रेक स्वतः बनवत नव्हत्या, विकत घेत होत्या. गर्लिंग, लॉकहीड, बेंडिक्स, एटीई, पुढे आकेबोनो, निस्सिन, टोकिको अशी मोजकी नावं. त्यांचा एकच व्हील सिलिंडर, म्हणजे तेलाच्या दाबाने शू ढकलणारा चाकातला सिलिंडर, चार-पाच वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांत बसलेला असायचा. उलटही घडायचं. मर्सिडीजच्या डब्ल्यू १२३ मालिकेत काही गाड्यांना एटीईचे कॅलिपर आहेत, काहींना बेंडिक्सचे, आणि दोघांचे पॅड वेगळे. म्हणजे गाडीचं नाव हा शोधासाठी सगळ्यात कच्चा धागा. आधी ब्रेक कोणी बनवला ते, मग माप, आणि गाडीचं नाव सगळ्यात शेवटी, हा क्रम धरला तर निम्मं काम तिथेच होतं.

खोलण्याआधी

एका वेळी एकच बाजू उघडा. दुसरी बाजू जोडलेली असणं हेच तुमचं मॅन्युअल. स्प्रिंग कोणत्या भोकात आहे, पट्टी शूच्या पुढून जाते की मागून, हे फोटोत दिसत नाही ते समोरच्या चाकात दिसतं. तरीही फोटो काढाच, आणि शेजारी स्टीलची पट्टी धरून काढा. पुढे कुणाला भाग दाखवायचा झाला तर तोच फोटो कामाला येतो.

ड्रममधली भुकटी हवेने उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने भिजवून पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

सेल्फ-अ‍ॅडजस्टर असेल तर डावा-उजवा वेगळा ठेवा. अनेक गाड्यांत एका बाजूला उजवे आटे आणि दुसऱ्या बाजूला डावे आटे असतात. अदलाबदल झाली की अ‍ॅडजस्टर शू जवळ आणायच्या ऐवजी लांब नेतो. पेडल दिवसेंदिवस खाली जातं आणि दोष उगीच मास्टर सिलिंडरवर, म्हणजे पेडलने तेल दाबणाऱ्या मुख्य सिलिंडरवर येतो. स्प्रिंगांचे रंगही पुसून टाकू नका. पुढच्या आणि मागच्या शूच्या स्प्रिंगांचा ताण वेगळा असतो आणि तो ओळखायला पुष्कळ उत्पादक रंगच वापरायचे.

आणि तुटका, फुगलेला, गंजलेला जुना भाग नवा बसून गाडी चालेपर्यंत फेकायचा नाही. शोधात तोच तुमचा नमुना. काही बाबतीत तर नवा भाग त्याच्यातूनच तयार होणार असतो.

खुणा वाचा

सिलिंडरची किंवा कॅलिपरची बॉडी तारेच्या ब्रशने हलक्या हाताने साफ करा आणि टॉर्च तिरपा धरा. ओतीव धातूवर उठावाची अक्षरं असतात, पण रंग आणि गंजाखाली ती सपाट वाटतात. वरून खडू घासला तर उठून दिसतात. तीन गोष्टी शोधायच्या: ब्रेक उत्पादकाचं नाव किंवा चिन्ह, बोअरचा (सिलिंडरच्या आतल्या व्यासाचा) आकडा, आणि लांब नंबर.

या लांब नंबरावर फार विसंबू नका. तो पुष्कळदा ओतकामाचा नंबर असतो, पार्ट नंबर नव्हे. एकच ओतीव बॉडी दोन वेगवेगळ्या बोअरला कातून दोन वेगळ्या गाड्यांना दिलेली असते. बोअरचा आकडा मात्र सोन्यासारखा. ३/४ असं कोरलेलं असेल किंवा १९.०५ असं, दोन्हीचा अर्थ एकच.

रबरी कपाच्या आतल्या किंवा पाठच्या बाजूलाही बारीक अक्षरात माप आणि उत्पादकाची खूण असते. भिंगाखाली बघा.

माप घेणं

इथे घाई करणारा माणूस दोनदा ऑर्डर देतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कपाचं माप कपावरून घ्यायचं नाही. कपाची कड मुद्दामच बोअरपेक्षा मोठी असते. बोअरमध्ये दाबून बसली तरच ती सील करते. त्यात जुना कप फुगलेला असतो, नाहीतर झिजलेला. व्हर्नियरचा, म्हणजे बारीक माप घ्यायच्या सरकपट्टीचा आकडा दीड मिलिमीटरनेसुद्धा चुकेल. बोअरच्या तोंडाशी घेतलेलं मापही फसवं, कारण तिथे कड तासलेली असते आणि गंजही तिथेच बसतो. सगळ्यात भरवशाचं माप पिस्टनचं. पिस्टन बोअरपेक्षा किंचितच कमी असतो, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. व्हर्नियर १८.९५ च्या जवळपास दाखवत असेल तर बोअर १९.०५ समजा.

इतक्या खात्रीने सांगता येतं, कारण ही मापं कुठलीही नसतात. जुन्या हायड्रॉलिक ब्रेकचे बोअर इंचाच्या सोळाव्या भागाच्या पायऱ्यांनी चालतात: १५.८७, १७.४६, १९.०५, २०.६४, २२.२२, २३.८१, २५.४० मिलिमीटर. मेट्रिक देशांतल्या गाड्यांतही बहुतेकदा हीच सापडतात. सरळ २० किंवा २२ मिलिमीटरवाले काही आहेत, म्हणून कोरलेला आकडा आणि पिस्टन दोन्ही जुळवून बघायचे. दोन पायऱ्यांत जवळपास १.६ मिलिमीटरचा फरक असल्याने साध्या व्हर्नियरनेही योग्य पायरी कळते. बोअर कळला की कपाची उंची आणि पिस्टनची लांबी घ्या. त्याच बोअरचे उथळ आणि खोल असे दोन्ही कप मिळतात.

"एक नंबर मोठा चालेल" असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. १९.०५ च्या जागी २०.६४ चा सिलिंडर लावला तर पिस्टनचं क्षेत्रफळ सुमारे १७ टक्क्यांनी वाढतं. मागच्या चाकांवर हे झालं तर ओल्या रस्त्यावर ती आधी जाम होतात आणि गाडीचं शेपूट फिरतं.

आता आटे. ब्रेक पाईपच्या नटांत सगळ्यात जास्त गोंधळ दोन मापांचा होतो: एम १० × १ (व्यास १० मिलिमीटर, पिच म्हणजे दोन आट्यांतलं अंतर १ मिलिमीटर) आणि ३/८ इंच, इंचाला २४ आट्यांचा. पाईप दोन्हीकडे एकच, ३/१६ इंच म्हणजे ४.७६ मिलिमीटर, मेट्रिकवाले त्यालाच ४.७५ म्हणतात. त्यामुळे नटही एकच असेल असं वाटतं. दोन्ही नट हातात घेतले तर डोळ्याला सारखेच. पिच गेज लावलं तरी एकाचा पिच १.०० आणि दुसऱ्याचा १.०६, म्हणजे आखूड नटावर फरक जाणवतच नाही. फरक कळतो तो बाहेरच्या व्यासात. नटाच्या आट्यांवर व्हर्नियर धरा: ९.८ च्या वर असेल तर मेट्रिक, ९.५ च्या खाली असेल तर इंची.

हे इतकं जपायचं कारण असं. मेट्रिक नट इंची भोकात सुरूच होत नाही, तो निरुपद्रवी. पण इंची नट मेट्रिक भोकात शिरतो. थोडा सैल जातो, पाईपची फुगवलेली कड टेकली की घट्टही झाल्यासारखा वाटतो, हळू पेडल दाबलं तर गळतही नाही. पण आटे टोकाटोकालाच धरलेले असतात, आणि ते सुटतात अचानक ब्रेक मारल्यावर. नट हाताने चार-पाच आटे अडखळत किंवा डुगडुगत जात असेल तर तिथेच थांबा.

पाईपच्या टोकाचे आकारही दोन: एक आत दुमडून दुहेरी केलेला फनेलसारखा, दुसरा बाहेर फुगलेला छत्रीसारखा. आटे जुळले तरी हे एकमेकांच्या जागी बसत नाहीत. ब्रेक लाइटचा प्रेशर स्विच शोधत असाल तर आणखी एक जोडगोळी आहे: १/८ इंचाचे २७ आटे आणि १/८ इंचाचे २८ आटे. दीड-दोन फेरे दोन्ही जातात, मग एक गळतो.

कॅटलॉगची वाट

कंपनीच्या पार्ट्स पुस्तकातलं सुटं करून दाखवलेलं चित्र काढा. वर्षावर नाही, चासी नंबरवर बघा. ब्रेकमधले बदल मॉडेलच्या वर्षाप्रमाणे नाही, तर कारखान्याच्या सोयीने मधेच झालेले असतात. तिथला पार्ट नंबर पुढे कुठल्या नंबरात बदलला ते शोधा. जुना नंबर मेला तरी त्याचा वारस जिवंत असू शकतो.

इथे वाट संपली असं वाटलं की ब्रेक उत्पादकाचा कॅटलॉग उघडायचा. त्यात शेवटी मापांप्रमाणे लावलेला तक्ता असतो आणि बहुतेक लोक तिथपर्यंत पोचतच नाहीत. बोअर, बॉडीची लांबी, पाईपचे आटे, निपलचे आटे, बसवायची पद्धत या रकान्यांनी शोधलं की तुमच्या गाडीचं नाव नसलेल्या पण तुमच्याच सिलिंडरच्या ओळी सापडतात.

तिसरी वाट परवान्याखाली बनलेल्या गाड्यांची. मूळ देशात मॉडेल बंद होतं, दुसरीकडे तीच गाडी पुढे वर्षानुवर्षं बनत राहते आणि भागही. फोक्सवॅगनची बीटल मेक्सिकोत २००३ पर्यंत बनत होती. पण डोळे उघडे ठेवून. फियाट १२४ वरून १९७० मध्ये निघालेली व्हीएझेड-२१०१, म्हणजे लाडा, दिसायला तीच गाडी. पण मूळ फियाटला मागे डिस्क होत्या आणि रशियन कारखान्याने मागे ड्रम घातले. मागच्या ब्रेकसाठी ती वाट बंद.

कुठे तडजोड चालते, कुठे नाही

बारक्या भागांतले बरेचसे "गाडीचे" नसतातच. सर्क्लिप, स्प्लिट पिन, क्लेव्हिस पिन, स्टीलचा गोळा, तांब्याचा वॉशर हे प्रमाणित मापांचे भाग आहेत आणि बेअरिंग-सीलच्या किंवा औद्योगिक हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. तिथे गाडीचं नाव काढूच नका, माप सांगा. तांब्याचा वॉशर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी अशा तीन आकड्यांनी मागायचा. नवा मिळेपर्यंत जुनाच वापरायचा झाला तर मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवा, तांबं पुन्हा मऊ होतं. अ‍ॅल्युमिनियमच्या वॉशरवर हा प्रयोग करू नका.

हवा काढायचा निपल दुसऱ्या गाडीचा चालतो. आटे, टोकाच्या कोनाचा आकार आणि कोनापासून षटकोनापर्यंतची लांबी जुळली की झालं. शूला भिंतीशी धरणारी पिन, तिची स्प्रिंग आणि वाटी यांचंही तसंच.

ओढणाऱ्या स्प्रिंगेला पर्याय शोधताना फक्त लांबी बघू नका. तारेची जाडी, वेढ्यांची संख्या आणि हुकाची दिशा जुळली पाहिजे. जुनी स्प्रिंग टिकलीय का हे बघायची फिटर लोकांची एक युक्ती आहे. फरशीवर टाका. वेढे घट्ट असतील तर थप्प असा आवाज येतो, ताणून ढिली झालेली छणछणते. निळसर डाग पडलेली, म्हणजे तापलेली स्प्रिंग मात्र आवाज कसाही आला तरी बाद.

रबरात तडजोड नाही. नेहमीच्या ब्रेक ऑइलसाठी, म्हणजे डॉट ३, ४ आणि ५.१ साठी, ईपीडीएम रबर लागतं. हार्डवेअरच्या डबीतली काळी ओ-रिंग बहुधा नायट्राइलची असते; ब्रेक ऑइलमध्ये ती फुगते आणि मऊ पडते. खनिज तेलावर चालणाऱ्या ब्रेकमध्ये बरोबर उलटं: तिथे ईपीडीएम फुगतं. सिट्रोएन डीएसमध्ये सुरुवातीला लाल द्रव होता आणि १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात हिरवं खनिज तेल आलं. एकाच मॉडेलच्या दोन काळांतले सील एकमेकांना चालत नाहीत. दोन्ही रबरं नुसती बघून ओळखता येत नाहीत, तेव्हा पाकिटावर पदार्थाचं नाव नसेल तर घेऊ नका. तुमच्या गाडीतले सगळेच कप आणि बूट (धूळ अडवणारी रबरी टोपणं) एकसारखे फुगलेले सापडले तर आधी कुणीतरी टाकीत इंजिन ऑइल किंवा तसलं काही ओतलंय असं धरा. मग एक कप बदलून भागत नाही, होजसकट (लवचिक नळ्यांसकट) सगळं रबर बदलावं लागतं.

कॅलिपरच्या पिस्टनभोवतीचं सील चौकोनी कापाचं असतं. त्याच्या जागी त्याच मापाची गोल ओ-रिंग बसवली की गळत नाही, म्हणून "चाललं" असं वाटतं. पण चौकोनी सीलचं काम फक्त तेल अडवणं नाही. पेडल दाबल्यावर ते पिस्टनबरोबर मुरडतं आणि सोडल्यावर सरळ होताना पिस्टनला केसभर मागे ओढतं. गोल रिंग ते करत नाही; पॅड घासत राहतो, डिस्क तापते.

मास्टर सिलिंडर बदलीचा घ्यायचा झाला तर बोअर जुळणं पुरेसं नाही. ड्रम ब्रेकच्या पुष्कळ मास्टर सिलिंडरमध्ये पाइपात थोडा दाब राखून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो, डिस्कवाल्यात नसतो. डिस्कच्या लाइनला तो लागला तर ब्रेक ओढत राहतो.

मिळत नाही ते बनवून घेणं

बोअरमध्ये पुसट ओरखडे असतील तर होनिंगने, म्हणजे आतून बारीक घासून, जातात. बोटाच्या नखाला खड्डे लागत असतील तर होन करत राहू नका. बोअर वाढतो आणि पिस्टन सैल होतो. अशा वेळी सिलिंडर कातून आत स्टेनलेस स्टीलचा किंवा पितळेचा स्लीव्ह (पातळ नळी) बसवून पुन्हा मूळ बोअरला आणतात. काम खर्चाचं आहे, पण मूळ बॉडी टिकते आणि कप नेहमीच्या मापाचाच लागतो. कॅलिपरचे गंजलेले पिस्टन स्टेनलेसमधून लेथवर बनवून घेता येतात. टर्नरला जुना पिस्टन आणि खाचेचं माप दोन्ही द्या.

होज हायड्रॉलिक होज बनवणाऱ्याकडून होतो, पण ब्रेकसाठी प्रमाणित नळी आणि दाबाची चाचणी असेल तरच. लांबी मूळ होजची. स्टीअरिंग एका टोकाला वळवून आणि चाक लोंबकळत ठेवून ताण येत नाही ना, टायरला घासत नाही ना, ते बघा. शूवर लायनिंग नव्याने चिकटवून मिळतं, त्यासाठी जुना शू जवळ हवा.

अ‍ॅडजस्टरची पट्टी, दांडी, पार्किंग ब्रेकचा आडवा रॉड नमुन्यावरून करून मिळतात. पण जिथे दाता चाकावर घसरतो ती कड मूळ भागात कठीण केलेली असते. साध्या पत्र्याची पट्टी थोड्याच दिवसांत गोल होते. करणाऱ्याला हे आधी सांगा.

मागणी कशी लिहायची

"अमुक गाडीचा मागचा सिलिंडर आहे का?" या प्रश्नाला कुणी उठून गोदाम उघडत नाही. असं लिहा: "मागचा डावा व्हील सिलिंडर. गर्लिंगची खूण. बोअर १९.०५, दोन पिस्टनवाला. पाईपचे आटे एम १० × १, निपल एम ८ × १.२५. दोन बोल्टवर बसतो, बोल्टच्या केंद्रांत इतकं अंतर. बॉडीवर हा नंबर. नवा, वापरलेला किंवा फक्त बॉडी, काहीही चालेल." सोबत पट्टी ठेवून काढलेले फोटो, एक समोरून आणि एक भोकांच्या बाजूने. शेवटचं वाक्य महत्त्वाचं, कारण भंगारवाल्याकडे किंवा जुन्या मेकॅनिककडे पडलेली गंजकी बॉडी त्याने एरवी सांगितलीच नसती.

हातात आल्यावर

जुन्या दुकानात वर्षानुवर्षं बंद पाकिटात राहिलेला माल मिळाला की आनंद होतो. धातूचा भाग असेल तर खुशाल घ्या, दोन मिळाले तर दोन. रबर असेल तर नको. न वापरताही रबर म्हातारं होतं. कपाची कड बोटांनी उलटवून बघा; बारीक भेगा दिसल्या, कड गोलसर वाटली, किंवा दाबून सोडल्यावर लगेच पूर्ववत झाली नाही तर ते पाकीट नमुना म्हणून ठेवा. जुन्या साठ्यातल्या शूलाही अ‍ॅस्बेस्टॉसचा प्रश्न आहेच.

जुळवणी आधी टेबलावर करा. कपाला ब्रेक ऑइल किंवा ब्रेकसाठीचं रबर ग्रीस लावा, साधं ग्रीस कधीच नाही. पिस्टन बोटाने सरकला पाहिजे. एकाच अ‍ॅक्सलच्या दोन्ही बाजूंना एकाच प्रकारचे भाग लावा.

हवा काढून झाल्यावर इंजिन बंद ठेवून पेडल पूर्ण जोराने दाबा आणि मिनिटभर धरून ठेवा. दुसऱ्याला प्रत्येक नट, होज आणि बूटची कड कोऱ्या कागदाने टिपायला सांगा. पेडल हळूहळू खाली जात असेल आणि कागद सगळीकडे कोरडा असेल, तर तेल मास्टर सिलिंडरच्या कपावरून आतल्या आत मागे जातंय. तो उघडा, आणि पहिल्यांदा पिस्टनवर व्हर्नियर लावून कपाचं माप पुन्हा ताडून बघा.